आडवं पाणी

यंदाच्या अंकाचा विषय पाणी, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात जव्हार-मोखाड्याचे टँकर असणार. मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला आणि इथले पाडे मार्च लागला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. हा लेख दर उन्हाळ्यात कुणीतरी लिहितं, आणि लिहायलाच हवा. मी त्यांना म्हटलं, उन्हाळ्यात नसलेल्या पाण्यावर पुष्कळ झालं. पावसाळ्यात इथून जे जातं त्याच्या मागे जाऊन बघतो. कुठपर्यंत जाणार, असं त्यांनी विचारलं. समुद्रापर्यंत, मी म्हणालो, आणि समुद्रात गेल्यावर ते कुठे वळतं तेही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दुसरा भाग अवघड आहे. नदी कुठे जाते हे शाळेतलं पोरही सांगतं. किनाऱ्याला लागल्यावर पाणी, गाळ आणि रेती कोणत्या बाजूला सरकते आणि तिला सरकवतं कोण, हे मात्र किनाऱ्यावर राहणारेही नेमकं सांगत नाहीत. भरती-ओहोटी, असं म्हणून मोकळे होतात. भरती-ओहोटी आहेच, पण किनाऱ्याला चिकटून एक आडवा प्रवाह वाहतो आणि तो लाटांनी तयार केलेला असतो.

पाण्याच्या दोन वाटण्या

जव्हारचं पठार ४५० मीटरच्या आसपास उंच, समुद्रापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. आषाढात इथे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. या पावसाच्या पठारावरच दोन वाटण्या होतात. दाभोशाला धबधबा होऊन पडणारी लेंडी आणि मोखाड्याकडची वाघ नदी उत्तरेला दमणगंगेत जातात आणि दमणला समुद्राला मिळतात. पिंजाळ, देहर्जे आणि सूर्या दक्षिणेचा रस्ता धरून वैतरणेत जातात. वैतरणा समुद्राला मिळते ती दातिवरे आणि अर्नाळा यांच्यामध्ये. दोन मुखांत अंतर शंभरेक किलोमीटरचं. पालघर जिल्ह्याचा जवळजवळ सगळा किनारा या दोघींच्या मध्ये सापडतो: केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी, वाढवण, डहाणू, बोर्डी, झाई.

पावसाळ्यात पिंजाळेच्या पुलावर उभं राहिलं तर पाणी तांबूस-काळसर दिसतं. काळ्या पाषाणाचा झिजलेला चुरा, नाचणी-वरईच्या उतारावरची माती, राबाची राख, सगळं त्यात असतं. माती बारीक, ती पाण्यात लटकत समुद्रात दूरवर जाते. रेती जड, ती तळाशी घसरत, थांबत, पुढच्या पुराची वाट बघत जाते. किनाऱ्याला हवी असते ती ही जड रेती.

नारळ जागच्या जागी

नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेला नारळ जरा वेळ बघत राहावं. लाट येते, नारळ वर चढतो, किंचित पुढे येतो, लाट गेली की खाली उतरतो आणि मागे जातो. लाट पुढे गेली, नारळ जवळपास तिथेच. खोल समुद्रात लाट पाणी वाहून आणत नाही. पाणी गोल फिरतं आणि पुढे जाते ती ऊर्जा. मात्र ते गोल पुरतं मिटत नाही. दर फेरीला नारळ थोडासा पुढे सरकतो. हे सरकणं १८४७ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी गणिताने दाखवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

दोन लाटांमध्ये आठ सेकंदांचं अंतर असेल तर खोल पाण्यात त्या एकमेकींपासून सुमारे १०० मीटरवर असतात. पाण्याची खोली याच्या निम्म्यावर, म्हणजे ५० मीटरवर आली की लाटेला तळ लागायला सुरुवात होते. आपल्या भागात हे फार लांबच घडतं. मुंबईपासून खंभातच्या आखातापर्यंतचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन इथे तीनशेएक किलोमीटर रुंद. पावसाळी लाट पालघरला पोचेपर्यंत कितीतरी वेळ तळाशी घासत आलेली असते. तिची बरीच ताकद वाटेतच खर्च झालेली असते, आणि त्यात तिची दिशाही बदललेली असते.

दिशा का बदलते? उथळ पाण्यात लाट हळू चालते. तिरप्या येणाऱ्या लाटेचं एक टोक आधी उथळात शिरतं आणि मंदावतं, दुसरं अजून खोलात धावत असतं. जव्हारकडच्या तारपा नाचात कमरेला हात घालून केलेली रांग वळते तेव्हा हेच होतं: तारपा वाजवणाऱ्याजवळचे जागच्या जागी पावलं टाकतात, बाहेरच्या टोकाचे जवळजवळ पळतात, आणि अख्खी रांग वाकते. म्हणून किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं की सगळ्या लाटा आपल्याचकडे तोंड करून येताहेत असं वाटतं. खरं म्हणजे त्या पूर्ण वळलेल्या नसतात. थोडा तिरपेपणा शिल्लक राहतो, आणि पुढचं सगळं त्या उरलेल्या तिरपेपणावर चालतं.

संत्र्याची वाट

केळव्याला शीतलादेवीच्या देवळाकडून सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. भाद्रपद होता, वारा नैर्ऋत्येचा. पिशवीत संत्री होती. संत्रं पाण्यात जेमतेम तरंगतं. वर फार येत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या हाती लागत नाही आणि पाण्याबरोबर जातं. समुद्रशास्त्रज्ञ पूर्वापार हा स्वस्त उपाय वापरत आले आहेत. भेळवाल्याच्या मुलाला मात्र मी वेडा वाटलो असणार.

फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात संत्रं टाकलं. पहिल्या लाटेने ते किनाऱ्याकडे ढकललं, मग पाणी मागे गेलं तसं ते मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. पण दर खेपेला ते जिथे परत यायचं ती जागा आधीच्या जागेपेक्षा उजवीकडे, म्हणजे माहीमच्या बाजूला असायची. मुलगा कमरेवर हात ठेवून बघत होता. थोड्या वेळाने तो संत्र्याच्या बरोबरीने चालायला लागला. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या निम्म्या वेगाने ते करवतीच्या दात्यांसारख्या वाटेने उत्तरेला निघालं होतं. लाटांच्या पट्ट्याच्या बाहेर फेकलेलं दुसरं संत्रं तेवढ्या वेळात फारसं हललं नव्हतं.

लाट आपल्याबरोबर ऊर्जा आणते तसा संवेगही आणते, म्हणजे ढकलण्याची ताकद. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा पटीवर आली की लाट फुटते. मीटरभर उंचीची लाट छातीभर पाण्यात फुटते, असं समजा. फुटली की ऊर्जा फेसात आणि आवाजात विरून जाते, पण संवेग असा विरत नाही. तो पाण्याला द्यावा लागतो. सरळ किनाऱ्याकडे दिलेला भाग पाणी किनाऱ्यावर किंचित चढवून ठेवतो. तिरपेपणामुळे आडवा पडलेला भाग पाण्याला किनाऱ्याच्या कडेकडेने ढकलत नेतो. १९६०च्या दशकात माइकल लाँग्वे-हिगिन्स आणि रॉबर्ट स्टुअर्ट यांनी हा हिशेब नीट मांडला. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवताना होड्या आडव्या वाहून जातात हे सैनिकांना फार महागात पडून कळलं होतं, आणि युद्धानंतर या प्रवाहाचा अभ्यास जोरात सुरू झाला.

आपला किनारा ढोबळपणे उत्तर-दक्षिण आणि पश्चिमेला तोंड करून आहे. लाटा नैर्ऋत्येकडून आल्या की ढकलणं उत्तरेकडे, वायव्येकडून आल्या की दक्षिणेकडे. पावसाळ्यात जोर नैर्ऋत्य-पश्चिमेचा. दिवाळीनंतर दुपारचे वायव्य वारे सुरू होतात, आणि थंडीत अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटाही हजारभर किलोमीटर चालत इथवर येतात. म्हणजे रेतीची ये-जा चालू असते. वर्षाअखेर जमेला काय उरलं हे गावागणिक वेगळं असतं. पुळणीच्या तोंडाचा कोन जरा बदलला तरी हिशेब उलटतो.

उधाण आणि भांग

हे सगळं सांगितल्यावर अर्नाळ्याचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, हसले. लाटेचा प्रवाह म्हणजे पोरखेळ, त्यांच्या लेखी. त्यांचं आयुष्य डोलीवर गेलं. डोल म्हणजे लांबलचक शंकूच्या आकाराचं जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्याला ते बांधतात. ‘कव मारणं’ म्हणतात त्याला. जाळं स्वतः हलत नाही. भरती-ओहोटीचं पाणी त्याच्या तोंडातून वाहतं आणि बोंबील, जवळा, कोळंबी आपसूक आत येतात. पाणी थांबलं की जाळं ओढायचं; पाणी उलट फिरलं की तोंडही उलटं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर, जाळी भरतात. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी मरगळलेलं, अनेकदा होडी बाहेर काढणंही परवडत नाही. कव कुणी कुठे मारावी यावरून वसईकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. ते भांडण मुळात याच वाहत्या पाण्याच्या जागांचं आहे.

तांडेलांचं खरं होतं. बाहेरच्या समुद्रात राज्य भरतीचं. खंभातचं आखात निमुळतं असल्यामुळे आत शिरणारं पाणी चढत जातं. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. आखाताच्या दाराशी असलेल्या पालघरला उधाणात पाचेक मीटरचा फरक पडतो. भरतीचं पाणी उत्तरेला आखाताकडे धावतं, ओहोटीचं दक्षिणेला परततं.

पण किनाऱ्याजवळ दोघांची भागीदारी आहे. तळावरचा गाळ उचलायला लागणारा झटका लाट देते. उचललेला गाळ वाहून न्यायला भरतीचा प्रवाह आयता हजर असतो. नुसता प्रवाह असेल तर बराच गाळ तळालाच राहील. नुसती लाट असेल तर तो उठून तिथेच बसेल. पावसाळ्यात पालघरचा समुद्र मैलभर आतपर्यंत गढूळ दिसतो तो या दोघांमुळे. लाटांनी ढवळलेल्या तळावर प्रवाहालाही जास्त अडथळा होतो, त्यामुळे त्याच उधाणाचं पाणी खवळलेल्या दिवशी किनाऱ्यालगत वेगळं वागतं.

आणखी एक गोष्ट इथली खास. केरळात किंवा गोव्यात भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे लाटा फुटतात तो पट्टा बराचसा ठरलेला. बोर्डीला ओहोटीत पाणी अर्धा किलोमीटर मागे जातं. लाटा फुटायची जागा आणि तिच्याबरोबरचा आडवा प्रवाह दर सहा तासांनी तेवढी मजल करतो. ओहोटीत तो खडकांवर आणि चिखलावर वाहतो, तिथे न्यायला रेतीच नसते. भरतीला तो पुळणीच्या माथ्यावर येतो. म्हणून मोठी पावसाळी लाट आली तरी ती भांगाच्या दिवशी किंवा ओहोटीच्या वेळी आली तर काही बिघडत नाही. उधाण, पूर्ण भरती आणि उंच लाट असे तिन्ही योग एका तासात जुळले की घर जातं.

बेटाच्या मागे

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून किल्ल्याच्या बेटावर होडी जाते. अंतर थोडं. होडी पुळणीला टेकत नाही, पाण्यात उतरावं लागतं. बायका लुगडं खोचून, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सराईतपणे उतरतात आणि पाहुणे चपला हातात घेऊन धडपडतात. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे. बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून हे बेट घेतलं आणि किल्ला बांधला. दरवाजावर शिलालेख आहे. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे. वैतरणा उगम पावते त्र्यंबकच्या डोंगरात, आणि तिच्या मुखावरच्या किल्ल्यातही त्र्यंबकेश्वर. ठरवून केलं की कसं ते ठाऊक नाही, पण नदीला दोन्हीकडे एकच देव.

बेटावरून लाटा बघायला जागा उत्तम. पश्चिमेच्या तटाखाली त्या सरळ येऊन आदळतात. बेटाच्या दोन्ही कडांना मात्र त्या वाकतात, वळसा घालतात आणि जमिनीकडच्या बाजूला समोरासमोर येतात. दोन्ही बाजूंचे आडवे प्रवाह तिथे भेटून मरतात आणि आणलेली रेती तिथेच टाकतात. होडीवाला ज्या उथळ दांड्याला वळसा घालून नेतो, तो अशा ठिकाणी साचणारा ऐवज. समोरच्या बाजूला, जिथे लाटांचा जोर एकवटतो, तिथून रेती निघते. बेटाच्या त्या अंगाची घरं समुद्राने नेल्याच्या बातम्या अर्नाळ्याहून अधूनमधून येत असतात.

बेटाच्या उत्तरेला वैतरणेचं मुख. इथे नियम उलटा चालतो: लाट प्रवाह घडवते तसा प्रवाहही लाटेला घडवतो. पुराच्या दिवसांत ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि समोरून लाटा येतात. उलट्या पाण्यावर चढताना लाट आखूड होते, उंच होते आणि भर पाण्यातच फुटते. मुखावरच्या रेतीच्या उंचवट्यावर तर जास्तच. म्हणून जाणते तांडेल ओहोटीत आत यायची घाई करत नाहीत. बाहेर थांबतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर शिरतात.

बाहेरून सहलीला आलेल्यांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. लाटांनी किनाऱ्यावर चढवून ठेवलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि दोन दांड्यांमधल्या खोलगट जागेतून जोरात बाहेर जातं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि पोहायला आलेली पोरं नेमकी तिथे उतरतात. अशा ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो. किनाऱ्याला समांतर, शे-पन्नास मीटर बाजूला गेलं की ओढ सुटते आणि लाटाच आत आणून सोडतात. केळवे आणि अर्नाळ्याला फलक लावायचेच असतील तर ‘पोहण्यास सक्त मनाई’ यापेक्षा हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहावं.

भिंत एकाची, धूप दुसऱ्याची

सातपाटीला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याशी आषाढातल्या उधाणाला उभं राहिलं की बोलायचं सुचत नाही. लाट दगडांवर आपटते, पाणी बंधाऱ्यावरून गल्लीत येतं. पापलेटसाठी नावाजलेलं हे गाव. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. ते पकडणाऱ्यांच्या दारात मात्र दर पावसाळ्यात वाळूच्या गोण्या असतात. बंधारा फुटतो, दुरुस्त होतो, पुन्हा फुटतो.

बंधारा नको, असं पाण्यात पाय असलेल्या माणसाला सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. पण तो काय करतो ते सांगायला हवं. पुळण लाटेला पसरून जिरवते. भिंत तिला परत फेकते. परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याची रेती उकरते, तिथे खोली वाढते, खोली वाढली की पुढची लाट अधिक उंचीची येऊ शकते. दगड घसरतात ते वरून कमी, पायाखालून जास्त. आणि बंधारा जिथे संपतो तिथे आडव्या प्रवाहाला पुढे न्यायला रेती हवी असते. भिंतीमागची रेती कुलूपबंद झालेली असल्यामुळे तो ती शेजाऱ्याकडून उचलतो. मग शेजारचं गाव बंधारा मागतं. त्याचा निधीही मंजूर होतो, कारण पडलेली घरं दिसतात. प्रवाह दिसत नाही.

या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी भिंत अजून यायची आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, लाटरोधक भिंत दहा किलोमीटरहून लांब, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला भूमिपूजन झालं. याआधी १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह होकार दिला. मच्छीमारांचा विरोध दोन्ही वेळी होता आणि आहे.

अशा बंदरांचे अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होतात. हौदांत छोट्या लाटा उठवतात, दगडांच्या छोट्या भिंती रचतात, संगणकावर प्रवाह चालवून बघतात. या शास्त्राबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट प्रतिकृतीशिवायही उघड आहे. लाटरोधक भिंतीचं कामच लाट थांबवणं. तिच्या आडोशाला लाट नाही, म्हणजे लाटेने घडवलेला आडवा प्रवाहही नाही, म्हणजे तिथे आलेली रेती आणि गाळ बसणार, आणि पलीकडच्या किनाऱ्याला तेवढा माल कमी मिळणार. वाद फक्त किती आणि कुठवर एवढाच. भरावासाठी समुद्रातली वाळू आणायची आहे ती दमणच्या बाजूने. म्हणजे लेंडी आणि वाघ जिथे जातात त्याच अंगाने.

वरून येणारी रेती

किनाऱ्यावरच्या सभांमध्ये बंधाऱ्याबद्दल बोलतात, बंदराबद्दल बोलतात. डोंगराबद्दल कुणी बोलत नाही. आडवा प्रवाह रेती फक्त हलवतो, तयार करत नाही. ती येते वरून. आणि वैतरणेवर तीन मोठी धरणं आहेत: १९५०च्या दशकातलं मोडकसागर, त्याच्या वर मध्य वैतरणा, त्याच्याही वर ऊर्ध्व वैतरणा. सूर्येवर धामणी आहे. पिंजाळ आणि गारगाई मुंबईसाठी कधीपासून कागदावर आहेत. धरणातून पाणी पुढे जातं, बारीक मातीही काही जाते. जड रेती धरणाच्या पोटात राहते. जी खाली उरते ती वैतरणेच्या खाडीतून उपसली जाते. सक्शन पंप लावून रात्रीचा रेती उपसा, मग छापा, मग काही दिवस शांतता. रेल्वेलाही वैतरणा-सफाळे दरम्यानच्या आपल्या पुलांच्या पायांची काळजी याच उपशामुळे पडली.

या उपशावर आणि मच्छीमारी होड्यांवर राबणारे हात बरेचदा आमच्याकडचे. भात झोडून झालं, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची माणसं ‘जगायला’ खाली जातात: वीटभट्टीवर, बांधकामावर, रेतीवर, खलाशी म्हणून होडीवर. अर्नाळ्याला होडीवर भेटलेला एक खलाशी जव्हार तालुक्यातल्या पाड्यावरचा निघाला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, हा माझा प्रश्न त्याला बाष्कळ वाटला असावा. त्याने नाखव्याकडून किती उचल घेतली ते सांगितलं. मग म्हणाला, ओहोटीला होडीच्या तळाला जी रेती लागते ती काळी, आमच्या नदीची असते तशी.

अर्नाळ्याहून निघताना त्या म्हाताऱ्या तांडेलांनी मोबाइलवर आलेला इशारा दाखवला. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा अंदाज मत्स्यखात्याकडून गावोगाव पोचतो. निरोपात लाटेची उंची होती, समुद्रात जाऊ नका, असं होतं. त्या संस्थेच्या मूळ अंदाजात लाटेची दिशा आणि दोन लाटांमधला वेळही असतो. गावापर्यंत येईतो तो भाग गळतो. होडी बाहेर काढायची की नाही एवढं ठरवायला उंची पुरते. कुठल्या वाडीतल्या लोकांनी आज रात्री सामान माळ्यावर चढवावं, हे ठरवायला दिशा लागते आणि भरतीची वेळ. तांडेलांनी भिंतीवरचं पंचांग बघून भरतीची वेळ तोंडी सांगितली आणि दिशा विचारायला मला इन्कॉइसचं पान उघडायला लावलं. पश्चिम-नैर्ऋत्य, मी वाचून दाखवलं. त्यांनी शेजारच्या घरी पोराला पाठवलं.